यंत्रातलं पाणी

बाळांनो, तुमच्या बाबांनाही आता झोपेत श्वास देणारं यंत्र लागलं आहे, म्हणून हे लिहिते.

तुमच्या आजोबांचं यंत्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी परदेशातून आलं. आम्ही विट्याला राहायचो. सोबतचं इंग्रजी पुस्तक घरात मलाच वाचता येई. हवेला ओल देणाऱ्या डबीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी घाला, असं त्यात होतं. ते मी सांगलीहून एसटीने कॅनमध्ये आणवत असे. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी, की सकाळी डबी रिकामी. पुरवायचं म्हणून मी ती निम्मीच भरू लागले. त्यांच्या नाकातून रक्त येऊ लागलं.

माघात कॅन संपला आणि एसटीचा संप सुरू झाला. नणंद म्हणाली, "आवं वैनी, आपल्या हिरीचं उकळून घाला की. लय ग्वाड हाय."

"पुस्तकात चालत नाही म्हटलंय."

"मानसापरीस मशीन लाडकी झाली व्हय?"

मी ऐकलं नाही, डबी कोरडीच ठेवली. कोरड्या हवेने त्यांचा घसा सोलून निघे, म्हणून त्यांनी यंत्राचा नाकावरचा मास्क काढून ठेवला. पाचव्या सकाळी ते उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "उकळलेलं पाणी चार दिवस चाललं असतं. डबी खराब झाली असती, एवढंच." मास्क असता तर ते वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही कुणाला विचारलेलं नाही.

आज आजोबांचे दोन स्वेटर आणि चष्मा माझ्याकडे आहेत. बाबांचं पाणी कधी संपलं, तर उकळलेलं घाला, पण मास्क काढू देऊ नका.