दैवशालाचा सुट्टीचा वार

माझी आत्येबहीण दैवशाला आळशी आहे, असं तिच्या सासरी आणि माहेरी एकमताने ठरलेलं आहे. त्या दोन घरांचं आजवर एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून ही आळशी बाई दिवसभर काय करते ते सांगूनच टाकते.

आम्ही दोघी जुन्या जालन्यात हुकमचंद शेठच्या दुकानात साड्या दाखवायला आहोत. आधी तिथे गादी होती. गिऱ्हाईक बसायचं, आम्हीही बसायचो. मग शेठच्या मुलाने, पारसने, दुकान नवं केलं. गादी गेली, काचेचे काउंटर आले. आता गिऱ्हाइकाला स्टूल आणि आम्हाला फरशी. शटर उघडल्यापासून पडेपर्यंत उभं राहायचं. पारस तसा वाईट नाही, पगार वेळेवर देतो. पण बसलेली बाई त्याच्या डोळ्यात खुपते.

हे झालं दुकानाचं. शिवाय दैवशाला घरी अनारसे करून विकते. अनारसा म्हणजे भजी नव्हे, मनात आलं आणि सोडली तेलात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचे, चाळायचे, गूळ घालून मळायचं आणि ते पीठ डब्यात मुरू द्यायचं. मग खसखशीवर बोटांनी थापून तुपात सोडायचा. तूप जरा जास्त तापलं, लक्ष जरा हललं, की अनारसा कढईत विरघळून जातो. अनारसा हसला, म्हणतात त्याला. करणारी मात्र रडते.

गेल्या दिवाळीत दोन्हीकडची ओढाताण करताना ती दुकानात हातातल्या साडीसकट खाली कोसळली. पारसने आधी साडी उचलली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, विसरणार नाही.

त्यानंतर तिने आपलं आपणच एक शास्त्र बसवलं. ती म्हणाली, "ताई, काही कामं हाताची असतेत, काही जिवाची. पाणी बदलायचं, चाळायचं, हे हाताचं. अंगात जीव नसला तरी होतंय. थापायचं आन् तळायचं जिवाचं हाय." तेव्हापासून ती सकाळी अंग ताजं असतानाच तळते. दुकानातून आल्यावर कढईला हात लावत नाही, मग समोरून कोणीही येवो. दुपारच्या सुट्टीत आम्ही गप्पा मारतो, ती मागच्या खोलीत गठ्ठ्यावर पाय टाकून डोळे मिटते. आणि दुकानाच्या सुट्टीच्या वारी काहीच करत नाही. कढई पालथी, फोन बंद, बाई आडवी. त्या एका दिवसावर तिचे बाकीचे दिवस उभे असतात.

झालं, एवढ्यावरून ती आळशी ठरली. तिचा नवरा अंगद सळयांच्या कारखान्यात आहे. तो पाळीवरून येऊन झोपला की घरात टीव्हीचा आवाज बंद होतो, शेजारच्या पोरांना हाकललं जातं. झोपावंच त्याने, भट्टीपुढचं काम आहे. पण बायको झोपली की हाच माणूस दारात उभा राहून विचारतो, "बरं न्हाई का तुला?" बाईला झोपायचं तर आधी आजारी पडावं लागतं. पहाटे उठून आयुष्य कसं घडवावं, याचे व्हिडिओ तो तिला पाठवतो. स्वतः कधी उठलेला मी पाहिला नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. म्हणजे दुकानात जावयाच्या कपड्यांची आणि लेकीच्या साड्यांची झुंबड, आणि घरी अनारशांच्या ऑर्डरी. तरी दैवशाला बेताने चालली होती. पीठ मुरेल तेवढ्याच ऑर्डरी घ्यायची, बाकीच्यांना तोंडावर नाही म्हणायची. मला वाटलं, हा महिना ती न कोसळता काढते.

तेवढ्यात तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सोनूबाई आत्याचा, पिंपळगाव रेणुकाईहून फोन आला. आम्ही मागच्या खोलीत होतो, फोन स्पीकरवर होता. आत्याने जावयाला धोंड्याला बोलावलं होतं, तेही नेमकं सुट्टीच्या वारी. मलाही म्हणाली, साधना, तूपण ये. मग म्हणाली, "आन् दैवशे, अनारसे घेऊन ये."

"मलाच आनायचे?" दैवशालाने विचारलं.

"मंग? लेक अनारसेवाली आन् मी बाहेरून आनू? गावात तोंड कसं दाखवू?"

"आई, मी त्या दिवशी काम करत न्हाई."

"हे काम हाय होय? हे पुण्य हाय."

म्हणजे बघा. लेकीने राबून वाण करायचं, ते आईला द्यायचं, आईने ते लेकीच्याच नवऱ्याला द्यायचं, आणि पुण्य आत्याला, मान अंगदला. लेकीच्या वाट्याला कढई. आत्या ना माझी, नाहीतर फोनमध्येच सुनावलं असतं. दैवशालाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आनते."

आदल्या सकाळी गिऱ्हाइकांचे अनारसे होते. म्हणून आईचे तिने दुकानातून आल्यावर तळायला घेतले, आपलंच शास्त्र मोडून. पहिला घाणा सगळा हसला. पुन्हा मांडला. अंगदने मदत केली, नाही असं नाही. "राह्यले तर सकाळी कर, मी गजर लावून देतो," म्हणाला.

सकाळी एसटीत ती माझ्याशेजारी बसली तेव्हा तिचं अंग चटके देत होतं. डबा तिच्या मांडीवर, कारण अनारसे मोडायला नकोत. जावईबापू फटफटीवर पुढे गेले होते. मी म्हणाले, "भोकरदनला उतरू, दवाखान्यात जाऊ, तिथूनच परत फिरू." ती म्हणाली, "आई वाट बघून राह्यली असंल." भोकरदनला उतरून आम्ही जीप धरली आणि पिंपळगावला गेलो.

आत्याने लेकीच्या हातातला डबा घेतला आणि तिथेच पुरणाचं पातेलं दिलं. तिच्या कपाळाला हात लावला नाही. मी म्हणाले, "आत्या, तिला ताप हाय." आत्या म्हणाली, "धोंड्याला ऊन असतंच." मी तोंड उघडणार होते, पण दैवशालाने मला कोपराने ढोसलं आणि ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बसली.

बाहेर बैठकीत अंगद पाटावर बसला. पाय धुऊन झाले, टॉवेल-टोपी झाली, आत्याने ताटात अनारसे रचून वर दिवा ठेवला आणि ओवाळलं. शेजारचे सर्जेराव मामा जेवायला होते. त्यांनी एक अनारसा उचलून उजेडात धरला.

"वा! जाळी काय बराबर पडलीय. कुठून आनले?"

"घरचेच," अंगद म्हणाला. "आमची हीच करती."

"आमच्या जावयाचं परवा धोंड हाय. मिळतेन का?"

"मिळतेन म्हंजे काय! मामा, तुम्ही घरचे मानसं. परवा सकाळी आनून देतो, पैशाचं नावबी काढू नका. पीठ हाय मुरलेलं डब्यात."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! ते पीठ दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मुरत होतं. पण पिठाचं जाऊ द्या. परवा सकाळी द्यायचे म्हणजे उद्या दुकानातून येऊन पुन्हा तीच कढई. या माणसाने पाटावर बसल्या बसल्या, टोपी नीट करत, तिच्या अंगात जो काही जीव शिल्लक होता तो मामांना देऊन टाकला. आणि मामा म्हणाले, "जावई लाखात एक हाय, सोनूबाई."

दैवशाला आतून बाहेर आली. हात पिठाने भरलेले. मला वाटलं आता ही बोलणार, आणि देवाशपथ मी वाटच बघत होते. तर भिंतीशी घडी घातलेली सतरंजी तिने ओढली, बैठकीत मधोमध, पाटाच्या आणि दाराच्या मध्ये अंथरली आणि आडवी झाली. सगळ्यांसमोर, हात न धुता.

"अगं," अंगद म्हणाला, "उठ. लोक काय म्हंतेन?"

तिने डोळे न उघडता सांगितलं, "आज सुट्टी हाय माझी."

सर्जेराव मामांनी अनारसा ताटात परत ठेवला. "येतो मी," म्हणाले आणि भिंतीला घसटत बाहेर गेले. न जेवता पाहुणा उठला! आत्या उलथनं घेऊन बाहेर आली, आणि काय काय बोलली. इज्जत घालवलीस, माजलीस, शिकवलं कोणी तुला हे. शिकवणारी म्हणून माझ्याकडेही पाहिलं. मी पदर खोचला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं माझ्याकडे, नावनिशीवार.

पण आत्याच पुढे ओरडली, "मला झोप येत न्हवती का? बाळंतीन असताना मी धा-धा मानसांच्या भाकरी थापल्या! ताप असला तरी थापल्या! मी पडले का कधी अशी आडवी? मला कोनं पडू देलं?"

आणि थांबली. आपणच काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं. खाली लेक खरंच झोपली होती, तोंड उघडं, श्वास जोरात चाललेला.

आत्या वाकली आणि तिने पहिल्यांदा तिच्या कपाळाला हात लावला. मग आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. ओलं फडकं घेऊन बाहेर आली, ते लेकीच्या कपाळावर ठेवलं आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसली. बसल्या बसल्या थोड्या वेळाने तीही कलंडली.

अंगद पाटावरच होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "जेवायचं कसं मंग?"

"आधी मामाकडं जा," मी म्हणाले. "परवाचे अनारसे व्हायचे न्हाईत म्हनून सांगून ये. मंग आत धोंडे हायेत, ताट हाय, तुला हात हायेत."

तो टोपी काढून उठला आणि त्या दोघींना वळसा घालून बाहेर गेला. त्याच्यामागे मी दाराला कडी लावली.