चहाची घंटा
पितळी घंटा वाजली की मला अजून चहाचा वास येतो. आम्ही बौद्ध झालो त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांची मास्तरकीची मुलाखत होती, म्हणून आम्ही तिघं फुलसावंगीहून यवतमाळला येऊन एका नव्या हॉटेलात उतरलो. मालकाने ते हॉटेल कॅलेंडरच्या चित्रातलं स्पॅनिश पाद्र्यांचं जुनं मिशन, म्हणजे त्यांचं चर्च नि मठ, पाहून बांधलं होतं. जाड पांढऱ्या भिंती, ओळीने कमानी, छपरावर लाल कवेलू आणि दारावर टांगलेली मोठी घंटा. घंटा दिसताच आईने चपला काढल्या आणि ती पायरीखालीच थांबली. गावातल्या देवळासमोर ती जन्मभर तशीच उभी राहत आली होती. मालकीण बाहेर आली. "खाली काहून थांबल्या वो बाई? हे देऊळ नोहे. चहा पायजे असला तं घंटा वाजवाची." आईने बाबांकडे पाहिलं. "मी वाजवू?" "वाजव नं," बाबा म्हणाले. तिने हात पदराला पुसले आणि दोर असा ओढला, की कमानीतली कबुतरं भर्रकन उडाली. "आलो, आलो!" आतून कोणीतरी ओरडलं. चहा आला. तो संपताच आई पुन्हा दोराकडे गेली, मग आणखी एकदा. तिला चहा मुळीच आवडत नसे, हे मला आज लिहिताना आठवतंय.