विहिणीनं डोंगर मागितला

या रे बाळांनो, असे जवळ या. अजून थोडे. पन्नाशीला टेकलात, निम्म्यांची टकलं चकाकायला लागली, तरी मागच्या बाकांवर जाऊन बसायची खोड काही गेली नाही तुमची. शाळेच्या स्मरणिकेत आमच्या भूगोलाच्या बाईंवर दोन पानं लिहा, असं तुमच्यातल्या एकीनं मला कळवलं, म्हणून हा कागद पुढे ओढलाय. पण आधी कान धरणार, मग लिहिणार. तुमच्या त्या ‘आठवी ब’ नावाच्या ग्रुपवर बाईंच्या पत्राखाली “बाई नापास!” असं लिहून वर चार हसरे चेहरे चिकटवणारा कोण, ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. गंमत केलीस, कळलं. पण त्यानंतर दहा दिवस बाईंनी तो ग्रुप उघडला नाही, हे तुला कोण सांगणार? मीच सांगते. मी त्यांची विहीण. त्यांचा मुलगा तो माझा जावई.

तर ऐका. हॉलंडसारख्या परातीएवढ्या सपाट देशात राहून रोज सकाळी डोंगर चढणारी बाई साऱ्या पृथ्वीवर एकच निपजली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. मी राहते फोरबर्गला, माझ्या मुलाजवळ. त्या असतात नीउ-व्हेनेपला, लेक-सुनेकडे. त्यांचं ते गाव म्हणजे मुळात तळ्याचा तळ. पाणी उपसून जमीन केलेली, समुद्राच्या पातळीखाली चार-पाच मीटर. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं झालं, गुडघ्यांना त्रास नाही. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात मला फोन करून सांगितलं, “विहीणबाई, आपण खड्ड्यात आहोत हो. म्हणजे कुठलाही डोंगर घ्या, आपल्याला पाच मीटर जास्त चढायचाय!” मी म्हटलं, आपल्याला? त्या म्हणाल्या, “ते नंतर सांगते.” तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

माणसाला परीक्षेची सवय लागली की ती सुटत नाही, हे मी ह्यांच्यावरून शिकले. त्या सगळ्या जगाला मार्क देतात. माझ्या आमटीला सव्वासहा. “फोडणी चांगली, पण मुद्देसूद नाही.” माझ्या लेकीच्या पोळ्यांना सुनेच्या म्हणून अर्धा मार्क वाढवून साडेसात. गुडघा दाखवायला त्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, गेल्या होत्या. गुडघ्याचं राहिलं बाजूला, त्यांनी त्याला चार हजार मीटरवरच्या हवेबद्दल विचारलं. त्या बिचाऱ्याचं सगळं आयुष्य समुद्राखाली गेलेलं. तो म्हणाला, भरपूर पाणी प्या. बाहेर आल्याबरोबर बाईंनी निकाल लावला, “चार. तेही हस्ताक्षराचे.” पोळ्यांची कणीक भिजवली की आधी तिचा दक्षिण अमेरिका खंड करायचा, डाव्या कडेला चिमटे काढून अँडीज उभा करायचा, बोटानं अमेझॉन ओढायची, नातीला बोलवायचं आणि विचारायचं, “सांग बघू, काय हे?” नातीला मराठी समजतं सगळं, पण उत्तर येतं ते डचमध्ये. ती म्हणाली, “पानकूक!” म्हणजे धिरडं. बाईंनी मान हलवली, “चूक. पण प्रयत्न केला, दोन मार्क.” आणि मग त्याच अँडीजच्या पोळ्या आम्ही खाल्ल्या.

इथल्या पाण्याशी मात्र त्यांचं उभं वैर. घरासमोर कालवा आहे. पहिल्या दिवशी त्या तासभर काठावर उभ्या राहिल्या आणि आत येऊन म्हणाल्या, “हे पाणी कुठेच जात नाही हो!” जावयानं समजावलं, की आई, इथे पाणी पंपानं वर चढवतात, मग ते नदीकडे सोडतात, त्याचं वेगळं खातं आहे. बाई खुर्चीतच बसल्या. “म्हणजे ह्या देशात पाण्यालासुद्धा अपॉइंटमेंट लागते?”

आता हे पाण्याचं वेड कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसेल आठवत तर लाज वाटू द्या. तुमच्या वर्गात बाई जलविभाजक शिकवत होत्या. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला थेंब इकडे ओघळला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात, तिकडे ओघळला तर सावित्रीतून अरबी समुद्रात. हाताच्या अंतरावर पडलेले दोन थेंब पुन्हा भेटत नाहीत. मग त्या म्हणाल्या, की पेरू देशात अँडीजमध्ये ह्याहून मोठी गंमत आहे. तिथे अशी खिंड आहे, की एका अंगाचं पाणी अमेझॉनमधून पार अटलांटिक महासागराला जातं आणि दुसऱ्या अंगाचं टिटिकाका सरोवरात जाऊन बसतं, समुद्र कधी बघतच नाही. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “बाई, तुम्ही बघितलीय?” सगळा वर्ग हसला. आणि बाई म्हणाल्या, “बघणार आहे. स्वतः उभी राहून बघेन आणि तुम्हाला पत्र घालीन.” कोरेगावच्या शाळेतली मास्तरीण, घरात सासू-सासरे, नवऱ्याच्या बदल्या. कसला पेरू आणि कसलं काय! पण तुम्ही व्हॉट्सॲपवर एकत्र जमलात आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, “बाई, पत्र आलं नाही अजून.” तुमच्यासाठी तो विनोद होता. त्यांच्यासाठी ते वर्गात दिलेलं वचन होतं आणि सत्तरी लागलेली होती.

झालं, तयारी सुरू. इथे डोंगर नाही म्हणून जवळच्या हूफडॉर्पमधली पाच मजली पार्किंगची इमारत हाच डोंगर. पाठीवर पिशवी, पिशवीत कोलम तांदळाची दहा किलोची थैली, पायात बूट, वर नऊवारी सोडून बाकी सगळं. जिने वर, उतार खाली, रोज सहा वेळा. एकदा तिथल्या माणसानं अडवलं, की आजी, तुमची गाडी कुठल्या मजल्यावर आहे? ह्या म्हणाल्या, गाडी नाही, डोंगर आहे. त्यानं भल्या मनानं लिफ्ट दाखवली. त्यावर त्याला जो धडा मिळाला, तो निम्मा मराठीत होता, पण माणूस नंतर महिनाभर ह्यांना बघून टोपी काढायचा. वारा सुटला की सायकल काढायची आणि वाऱ्याच्या तोंडावर घालायची. हाच इथला घाट, म्हणायच्या. एकदा घाट इतका चढा निघाला, की बाई पॅडल मारताहेत आणि सायकल जागच्या जागी.

जावयानं अट घातली, की कुणीतरी सोबत पाहिजे. त्याला रजा नाही, लेकीला रजा नाही. एका रविवारी विहीणबाई फोरबर्गला माझ्या दारात. चहा झाला. मग म्हणाल्या, “तुमच्या मुलीचं लग्न गेमेंटेच्या, त्या नगरपालिकेच्या, ऑफिसात वीस मिनिटांत उरकलं. मी मानपान मागितला नाही, आहेर मागितला नाही, विहिणीची पंगतसुद्धा नाही. खरं की नाही?” मी म्हटलं, खरं. “तर तो सगळा मान आज मागते. चला माझ्याबरोबर.” लोकांच्या विहिणी पैठणी मागतात, चांदीचं ताट मागतात. माझ्या विहिणीनं डोंगर मागितला. मुलीकडची बाजू, नाही कशी म्हणणार? मी जन्मात कधी जिना दोनदा चढले नाही, पिशवी विसरले तरी खालूनच हाक मारते. गेल्या जूनमध्ये मी पेरूत होते.

आणि आता देवाचा न्याय बघा. कुस्कोच्या विमानतळावर उतरलो आणि तासाभरात बाईंचं डोकं ठणकायला लागलं. आठ महिने अभ्यास केलेली विद्यार्थिनी पलंगावर आडवी, आणि मी, पुस्तक न उघडलेली, दोन वाट्या बटाट्याचं सूप पिऊन वर बाजार हिंडून आले. मला लाज वाटावी इतकी मी ठणठणीत. कोकाच्या पानांचा चहा झाला, औषध झालं, तीन दिवस थांबून त्या जरा सावरल्या, तसे आम्ही खिंडीखालच्या गावी गेलो. दगडी भिंतींची घरं, थंडी अशी की शब्द तोंडातच गोठावा, आणि पोत्यानं बटाटे. जांभळे, काळे, वाकडे, गाठाळ. आम्ही एका बाईच्या घरी उतरलो. तिची आमच्याशी एकही भाषा जुळत नव्हती, पण विहीणबाईंचे पाय तिनं स्वतःच्या शालीत गुंडाळले.

खिंडीत जायचं त्या सकाळी रुबेन आला. रुबेन आमचा वाटाड्या, हसरा, गुटगुटीत. त्यानं बाईंच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा तो चिमटा लावला, आकडा बघितला, दुसऱ्या बोटाला लावला, पुन्हा बघितला आणि हसू आवरून म्हणाला, “नो, सेन्योरा.” बाईंनी त्याला मराठीत सांगितलं, की बाबा रे, यंत्र बिघडलंय. त्यानं चिमटा माझ्या बोटाला लावून दाखवला. यंत्र उत्तम होतं. वर तर नाहीच, म्हणाला, आज इथे विश्रांती, उद्या खाली उतरायचं.

बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी जवळ बसून म्हटलं, जाऊ द्या, मीही नाही जात, दोघी इथेच बसू. त्या वळल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, “तुम्ही जाणार.” मी म्हटलं, अहो, मला काय कळतंय त्यातलं? तर म्हणाल्या, “मुलीकडच्यांनी वाद घालू नये.” मग पिशवीतून एक छोटी बाटली काढली. नीउ-व्हेनेपच्या नळाचं पाणी, घरून भरून आणलेलं! कुठेच न जाणाऱ्या त्या पाण्याला एकदा स्वतःची वाट निवडू द्यायची, असा त्यांचा बेत. “बरोबर माथ्यावर ओता आणि कुठे जातं ते बघा. आणि हे बघा, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. दिसेल तेच सांगा.”

रुबेननं मला तट्टावर बसवलं. ते तट्टू आणि मी, कोण कुणाला घाबरलं होतं ते सांगता येत नाही. वर पोचलो. वारा, पिवळं गवत, पांढरीशुभ्र शिखरं, आणि एवढी शांतता की माझा श्वास मलाच ऐकू यावा. दोन्ही अंगांना दोन दऱ्या. मी माथ्यावर उकिडवी बसले आणि बाटली ओतली. डोळे ताणून बघत राहिले. बाळांनो, पाणी इकडेही गेलं नाही आणि तिकडेही गेलं नाही. कोरडी माती होती, तिनं घटाघटा पिऊन टाकलं. ओला डाग राहिला, तोही उन्हानं बघता बघता नेला. उतरताना सगळ्या वाटेनं मी खोटं बोलायची तयारी करत होते. अटलांटिक म्हणावं की सरोवर?

खाली येऊन बघते तर काय! शेतात उन्हाला बटाटे पसरलेले. ते लोक रात्रीच्या हिमात बटाटे गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वाळवतात, वर्षानुवर्षं टिकतात. आपलं वाळवणच की! आणि त्या वाळवणाच्या राखणीला, घरमालकिणीची गोल टोपी डोक्यावर घालून, हातात चालायची काठी घेऊन, तुमच्या बाई बसलेल्या. एक लामा, म्हणजे तिकडचा लोकरीचा लहानसा उंटच, बटाट्यांना तोंड लावायला येत होता, त्याला दरडावत होत्या, “ए, ओळ सोडून कुठे चाललास?” मला बघितलं आणि टोपी सावरून म्हणाल्या, “सांगा.”

त्या डोळ्यांपुढे माझं खोटं विरघळलं. म्हटलं, “विहीणबाई, कुठेच गेलं नाही हो. तिथेच मुरलं.” त्यांनी काठी खाली ठेवली. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की लामा पळाला. “म्हणजे इथेही पाणी मुरतंय म्हणा की!” हसता हसता धाप लागली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “एकतीस वर्षं शिकवलं, इकडे जातं नाहीतर तिकडे जातं. तिसरं उत्तर पुस्तकात नव्हतंच. दहापैकी दहा.” माझ्या आयुष्यातले ते पहिले दहा.

खिंडीतला माझा फोटो रुबेननं काढला होता. टोपडं, काळा चष्मा, नाकापर्यंत मफलर. घरी आल्यावर जावई म्हणाला, “आई, ह्यात कोण आहे कुणाला कळणार? हाच टाक ग्रुपवर.” बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की पन्नाशीतला इंजिनिअर सरळ उभा राहिला. “उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, मनानं ठोकू नका, असं सांगत आले मी त्या मुलांना.” आणि मग त्यांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं, की मी खिंडीखाली थांबले, वर माझी विहीण गेली, तिनं पाहिलं ते कळवते. चार वेळा कच्चं लिहिलं, पाचव्यांदा पक्कं. पुढचं तुम्ही केलंत.

रागवत नाही आता. तुम्ही जुनेच खोडकर, आणि त्यांनाही ते माहीत आहे. दहा दिवसांनी ग्रुप उघडून त्यांनी पहिलं काय बघितलं, तर कोण कोण आजारी आहे. पण एक सांगून ठेवते. पेरूहून परतल्यापासून त्या पार्किंगला जात नाहीत. पिशवीतल्या त्या तांदळाचा भात करून संपला. धाप लवकर लागते, तपासण्या चालू आहेत, चांगलंच निघेल. सकाळी काचेपाशी बसून नातीला काही सांगत असतात, आणि वाक्य संपलं की अजून म्हणतात, “समजलं का? कुणाला नाही समजलं?” आणि थांबतात. नात केव्हाच खेळायला गेलेली असते. तरी थोडा वेळ थांबतातच, कुणीतरी हात वर करेल म्हणून. घर भरलेलं आहे हो त्यांचं, लेक-सून जीव लावतात, मी दर बुधवारी जाते. वर्ग तेवढा नाही.

म्हणून म्हणते, एकदा या. व्हिडिओवर तोंडं दाखवणं म्हणजे येणं नव्हे. तुमच्यातले दोघं जर्मनीत आहेत, त्यांना तर सबबच नाही. बाकीच्यांनी जमेल तसं यावं, जेवायला घालायला मी आहे, निजायला दोन घरं आहेत. नीउ-व्हेनेपच्या स्टेशनवर उतरायचं आणि सरळ चालत यायचं, वाटेत एकही चढ नाही. फार लांबवू नका रे. लवकर या.