नदीतले राखणदार

बाई कुठंही पाय ठेवण्याआधी काठी टोचून बघायच्या. नदीच्या वाळूत टोचायच्याच, पण आमच्या अंगणात, देवळाच्या पायरीवर, एसटीत चढतानासुद्धा. एकदा काही कागदावर सही करायला त्या गेवराईच्या पतसंस्थेत गेल्या आणि तिथल्या चकचकीत फरशीला त्यांनी दारातूनच दोनदा ठोकून पाहिलं. माझा नवरा तिथं नोकरीला. घरी येऊन हसून हसून सांगत होता. मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आदी काठी, मंग पाय. फरशीखाली काय हाय, तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. पतसंस्थेतल्या कुणालाही नसावं.

त्यांनी सगळी उमर गावच्या बालवाडीत घालवली होती. निवृत्त झाल्या तरी गाव त्यांना बाईच म्हणायचं. माझी ओवी त्यांच्याकडं गेली ती नाइलाजानं. सहा वर्षांची पोर, इंग्रजी शाळेची व्हॅन दारात आली की भडाभडा ओकायची. डॉक्टर झाले, अंगारे झाले, नवस बोलून झाले. शेवटी बाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. "कशाला मारून मुटकून धाडती गं तिला? दे माझ्याकडं. वरीसभर घरीच शिकू दे."

तिच्यासारखीच आणखी चार लेकरं होती. कुणी आजारपणात मागं पडलेलं, कुणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागं राहिलेलं. सकाळी चहा-चपाती झाली की ही वरात नदीवर निघायची, पुढं काठी, मागं पाच लेकरं. टिटवीची अंडी लांबून मोजायची, हात लावायचा नाही. पळसाची पानं बाभळीच्या काट्यांनी टाचून टोप्या करायच्या. ज्वारीच्या धांड्यांच्या गाड्या करायच्या. ओवीला बेरीज कधी आली ते मला कळलंसुद्धा नाही. ओकणं मात्र पहिल्याच आठवड्यात थांबलं, आणि त्यासाठी मी बाईंच्या पाया पडले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी काय केलं तेही सांगायचं आहे.

तुम्ही आमच्या बाजूची गोदावरी पाहिली असेल तर तिच्या पोटात काय आहे हे तुम्हाला माहीत असेल. वाळू उपसून नेलेले खड्डे. वरून घोटाभर पाणी दिसतं, खाली दोन पुरुष खोल. कुठं तर वरती नुसती ओली वाळू दिसते आणि पाय दिला की माणूस आत. आज इथं असलेला खड्डा उद्या तिथं. जन्मभर नदीवर धुणं धुतलेल्या बायकासुद्धा आता तिला ओळखत नाहीत.

बाई लेकरांकडून राखणदार करून घ्यायच्या. काळ्या मातीत भुसा कालवून, धांड्याभोवती थापून केलेली वीतभर माणसं. डोळ्यांना सीताफळाच्या बिया. काठीनं खड्डा शोधायचा आणि त्याच्या काठावर अलीकडून राखणदार रोवायचे. तोंड माणसाकडं, पाठ पाण्याकडं.

"पाटी लावावी की बाई, सरळ 'धोका' लिहून," मी म्हटलं होतं.

"पाटी वाचतं कोण? बाहुली दिसली की लेकरू थांबतं. लेकरू थांबलं की त्याच्या मागचं मोठं माणूस थांबतं."

खरं होतं. पण दिवाळीनंतर पाणी ओसरलं की नदीकाठी उभं राहायला नको वाटायचं. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, पात्रभर ती काळी माणसं आपल्याकडं बघत उभी. ऊन पडलं की बिया चमकायच्या. मी धुणं घेऊन जायची ती मान खाली घालून, आणि परत येताना पाठीवर काहीतरी चालल्यासारखं वाटायचं. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "बघू दे की. त्येंचं कामच हाय त्ये."

एकदा मी सोबत गेले होते. कोरड्या, पांढऱ्या वाळूत एक राखणदार एकटाच उभा दिसला. तिथं ना पाणी ना खड्डा.

"हा कुणी रोवला?" बाईंनी विचारलं.

लेकरं एकमेकांकडं बघायला लागली. बाई पुढं झाल्या, काठी टोचली. काठी मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात गेल्यासारखी. बाईंनी ती ओढून काढली, लेकरांना हातानं मागं सारलं आणि कपाळ पुसलं. "आज घरी चला," एवढंच म्हणाल्या. वाटेत ओवी माझा हात धरून हळूच म्हणाली, "मी रोवला, आई. मला कळतंय कुठं खोल हाय."

मी तिला गप्प केलं.

मग ओवी घरीही राखणदार करायला लागली. एक न्हाणीघराच्या दाराशी ठेवला, एक पाण्याच्या हौदाशी. त्यात वावगं काही नव्हतं. पण एके सकाळी तिनं शेजारच्या किराणावाल्या काकांच्या ओट्यावर एक नेऊन ठेवला, त्यांच्या बसायच्या पोत्यासमोर. काका तिला रोज गोळी द्यायचे. त्यांनी हसत विचारलं, "हे काय गं?"

"हितं खोल हाय, काका."

चौथ्या दिवशी काका त्याच पोत्यावर बसल्या बसल्या गेले. वय झालेलं, साखरेचा आजार जुना, छातीतही दुखायचं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तरी तेरावा व्हायच्या आत गल्लीत एक शब्द फिरायला लागला आणि तो शब्द आमच्या भागात एकदा फिरला की थांबत नाही. भानामती. बाईंनी लेकरांना शिकवली. बाहुल्या नदीत आहेत म्हणून सगळ्या गावावर नजर आहे. दळणाला गेले तर बायका ओवीकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. एकीनं मला तोंडावर विचारलं, "आता कुणाच्या दारात बाहुली ठेवणार हाय तुझी पोरगी?"

मी बारावी शिकलेली बाई. असल्या गोष्टींना मी हसायची. पण माझ्या पोरीला गाव वाळीत टाकणार, उद्या तिला कुणी कशाला हातसुद्धा लावू देणार नाही, या भीतीनं मला झोप येईना. आणि खरं सांगायचं तर मला ओवीचीही भीती वाटायला लागली होती. ती माझ्याकडं टक लावून बघायला लागली की मी तिच्या मुठीत माती आहे का ते बघायची.

एका दुपारी आम्ही चार बायका नदीवर गेलो आणि राखणदार उपटले. खड्ड्यांच्या अलीकडंच उभे होते, त्यामुळं पाण्यात पाय घालावा लागला नाही. पहिला मी उपटला. माती हातात फुटली, बिया वाळूत पडल्या. एकेक करून सगळे पाण्यात टाकले. शेवटी पात्र मोकळं दिसलं आणि आम्हाला हायसं वाटलं. एकीनं तर घरी जाताना गाणंसुद्धा म्हटलं.

संध्याकाळी बाई आल्या. मला वाटलं होतं भांडतील. त्या ओट्यावर टेकल्या, काठी आडवी ठेवली.

"राखणदार काढले कुणीतरी."

"मला न्हाई माहीत, बाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लगेच नजर काढूनही घेतली. "कुणी काढले ते जाऊ दे. कुठं कुठं हुते, तेवढं ध्यानात हाय का कुणाच्या? मला आता समदं आठवत न्हाई. उद्या लेकरं यायच्या आत पुन्हा हुडकावं लागंल."

मला निम्मे तरी आठवत होते. सांगितलं असतं तर काढले कुणी तेही कळलं असतं, म्हणून गप्प बसले. त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओवीला पाठवलं नाही. बाकीच्या लेकरांनाही घरच्यांनी अडवून ठेवलं होतं. सकाळभर ती माझ्यासमोर घरात होती, जेवली, मला वाटलं झोपली. मी भांडी घासून आत आले तर अंथरूण रिकामं. चपला घालायचंही भान राहिलं नाही, तशीच नदीकडं पळाले.

ओवी काठावर बसली होती, वाळू सुरू होते तिथं. पाय जवळ घेतलेले, कोरडे. मला बघून उठली. तिच्यापासून दहा पावलांवर पाण्यात बाईंची काठी आडवी तरंगत होती.

"बाई म्हनल्या, हितंच बस. आई येस्तवर हालू नको."

"कुठं हायेत बाई?"

तिनं काठीकडं बोट केलं.

गावातल्या भोयांनी दोर लावून बाईंना बाहेर काढलं. दूधवाल्यानं त्यांना दिवस उगवतानाच काठी टोचत पात्रात उतरताना पाहिलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं की सकाळीच गेल्या असतील, निदान सहा तास तरी पाण्यात होत्या. ओवी घरातून निघाली तेव्हा बाईंना जाऊन अर्धा दिवस झाला होता. हा हिशेब मी इतक्या वेळा घालून पाहिला आहे, आणि तो दर वेळी तसाच येतो.

गाव म्हणालं, त्यांची भानामती त्यांच्यावरच उलटली. मी तिथं उभी होते आणि काही बोलले नाही. आम्हा चौघींपैकी कुणीच बोललं नाही. बाईंचा मुलगा पुण्याहून आला, दिवस करून, घराला कुलूप लावून गेला.

ओवी आता शाळेत जाते. ओकत नाही. बाईंचं नावही काढत नाही. गेल्या महिन्यात सकाळी तिची वेणी घालत होते, ती पाठमोरी बसलेली, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"ओवी, नदीतले राखणदार मी काढले होते."

"मला माहिती हाय," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं."

"कधी?"

"मी त्या दिवशी नदीवर बसले होते तवा." तिनं रिबीन माझ्या हातात दिली. "म्हनल्या, तुझी आई लई भ्याली हुती. तिच्यावर रागवू नको."