नात्याच्या रकान्यात

मशीनबाईचं डोकं तसं थंड. गिऱ्हाईक स्वतः फुगायचं आणि पँट तंग शिवली म्हणून हिच्यावर डाफरायचं, तरी ती हसत शिवण उसवून द्यायची. पण कोर्टाची नोटीस वाचली आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. खोली रिकामी करून मिळावी, असा दावा होता. केला कोणी, तर वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीनं, जिला ही बावीस वर्षं ताई म्हणून अगंतुगं करत आली होती.

दाव्यात लिहिलं होतं, ही भाडेकरू नाहीच. घरचीच म्हणून प्रेमानं ठेवली होती, आता मुलाला खोली हवी. प्रेमानं म्हणे! मशीन, शेगडी, खाट, सगळा संसार त्या एका खोलीत. जायचं कुठे? तिच्याकडे भाड्याचा जुना करारनामा होता, त्यावर मालकिणीच्या वारलेल्या नवऱ्याची सही. तो घेऊन ती कोर्टात गेली.

तिथं मालकिणीच्या वकिलानं इस्पितळाचा एक कागद काढला. सहा वर्षांपूर्वी मालकिणीच्या पोटाचं ऑपरेशन होतं, मुलगा फोन उचलेना आणि खिडकीवरचा माणूस अडून बसला की सही नातेवाइकाचीच पाहिजे. मशीनबाईनं मागचापुढचा विचार न करता नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं आणि सही ठोकली. तो कागद मालकीण कपाटात जपून ठेवायची. हिला केवढं कौतुक वाटायचं त्याचं.

"स्वतःच्या हातानं लिहिलंय," वकील म्हणाला. "बहिणीकडून कोणी भाडं घेतं का, साहेब?"

मशीनबाईनं ताईकडे पाहिलं. ताई पर्सची चेन उघडझाक करत बसली होती. एकदा तरी वर बघ गं बाई, हिच्या मनात आलं. तिनं काही बघितलं नाही, आणि हिचं मन तिथंच विटलं.

"या तुमच्या बहीण आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं. हो म्हटलं की खोली गेली.

"नाही. त्या मालकीण, मी भाडेकरू."

"मग इस्पितळात खोटं लिहिलंत?"

"खोटं नव्हतं, साहेब. ही नोटीस येईपर्यंत होती ती माझी बहीण."

न्यायाधीशांनी करारनामा पुन्हा वाचला आणि दावा फेटाळला. खोली वाचली.

बाहेर जिन्यात मात्र निर्लज्जपणाची कमाल झाली. ताईनं मागून हाक मारली, "अगं, थांब की, बरोबरच जाऊ घरी."

मशीनबाई भिंतीला सरकली, तिला वाट दिली.

"तुम्ही व्हा पुढे, मालकीणबाई."