ठेवणीतली कवळी

दाताच्या दवाखान्यात गाल धरून नंबरची वाट बघत होते. आतून एक आजोबा आणि आजी बाहेर आले. मागोमाग डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या. "आजोबा, वजन उतरलंय तुमचं. नुसत्या चहा-बिस्किटावर राहू नका. मऊ शिजवलेली उसळ, पालेभाजी, काकडीच्या पातळ चकत्या, सगळं चावून खायचं."

आजोबांनी मान डोलावली आणि समोरच्या बाकावर बसले. आजींनी लगेच पिशवीतून काकडीचा डबा काढला. तशी आजोबांनी सवयीने तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"अहो, खाण्यासाठीच दिलीय ती."

"खाऊन झिजेल. लग्नकार्यात लागते."

मला हसू आलं, पण गालातच राहिलं. माझ्या कपाटात पाहुण्यांसाठी जपलेले निळ्या फुलांचे सहा कप आहेत. पाहुणे येतात, आणि फुटतील म्हणून मी त्यांनाही रोजच्याच कपांतून चहा देते. नवी चादर तर अजून घडीवरच पिवळी पडते आहे. आजोबांना हसणारी मी कोण?

आजी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नुसता डबा झाकला. आजोबांनी थोडा वेळ झाकणाकडे पाहिलं, मग निमूटपणे रुमाल सोडून कवळी बसवली. डबा पुन्हा उघडला. पहिली चकती दाताखाली गेली आणि कुर्रकन आवाज झाला. आजोबा चावता चावता थांबले.

"ऐकलंस?"

"सगळ्या दवाखान्यानं ऐकलं," आजी म्हणाल्या. "आता दुसरी घ्या."