जुलूम लिहायचा नाही

हे आजवर घरातही बोललो नाही.

निजामाचं राज्य विलीन झाल्यानंतरच्या वर्षांत मी तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. उर्दू अर्ज बंद होऊन मराठी सुरू झाले होते. तहसीलदारापुढं अर्ज ठेवणाऱ्या पेशकारानं मला एकच ताकीद दिली होती. "जुलूम हा शब्द अर्जात आणायचा न्हाय. जुलूम निजामाच्या टायमाला व्हता, आता आपलं राज्य हाय. आणलास तर उद्यापासून दुसरं झाड बघ."

एकदा ईट गावाकडच्या एका वाडीवरची बाई आली. पाटील तिच्या नवऱ्याला रोज फुकट राबवी. नवरा चार दिवस गेला नाही, तर पाटलानं त्यांच्या रानाची वाट काट्या टाकून बंद केली. ज्वारी काढणीला आलेली.

"दादा, जुलूम लिव्हा. न्हाय म्हणायला जागाच ठिवत न्हाय त्यो. मोठ्या अक्षरात लिव्हा."

"मावशी, अक्षर एकाच मापाचं असतंय."

"मग दोनदा लिव्हा."

मी लिहिलं, 'वाटेबाबत गैरसोय'. अर्ज वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, असा रिवाज. मी वाचून दाखवला. कागदावर गैरसोय होतं, तोंडानं जुलूम म्हणालो. दोनदा. तिनं समाधानानं अंगठा उठवला.

पंधरवड्यानं ती अर्जाची नक्कल घेऊन परत आली. चौकशीला आलेला अर्ज तलाठ्यानं चावडीत, पाटलासमोरच वाचला होता.

"गैरसोय म्हणला त्यो. पाटील म्हणला, मग वाईच लांबून जात जा की. समदे हसले. वाचा बरं पुन्यांदा."

पेशकार कचेरीच्या दारात उभा होता. मी कागदाकडं बघत हळूच म्हणालो, "जुलूम."

"म्हंजी तलाठी खोटा?"

"व्हय."

त्या एका शब्दावर ती चावडीत जाऊन तलाठ्याशी भांडली. मग शाळेच्या मास्तरांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला, आणि खोटी ती ठरली. ज्वारी उभ्या रानात पाखरांनी खाल्ली. आता नवऱ्याबरोबर तीही पाटलाकडं राबायला जाते, हे मला आठवड्याच्या बाजारात कळलं.

जाऊन मास्तरांना एवढंच सांगायचं होतं, की बाई खरं बोलत होती, खोटं मी वाचलं. वाडी चार कोसांवर होती. मी गेलो नाही.